जर, तर आणि नाहीतर

(ज्ञातिसंस्थेच्या परभणी येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाचे निमंत्रणपत्र हाती पडले तेव्हा ते चुकून माझ्या पत्त्यावर आले असावे, असाच माझा प्रथम ग्रह झाला. ह्या व्यासपीठावरून आजवर शेती, सहकार, स्त्रीशिक्षण, विवाहातील अनाठायी खर्च अशा सर्वांच्या जिव्हाळ्याच्या विषयांवर अधिकारी व्यक्तींची व्याख्याने झालेली आहेत. मी पुण्यात संगणकाच्या धंद्यात चाकरी करणारी एक सामान्य मुलगी. ज्ञातीच्या शिष्यवृत्तीवर शिकले, एवढेच माझे ह्या सभेशी नाते. तेव्हा "मी काय बोलू?" असे मी चिटणीसांना विचारले. ते म्हणाले, "आपल्या घरोघरची मुले ह्या धंद्यात चालली आहेत. ती तेथे नेमके काय करतात, हे त्यांच्या आईबापांना कळत नाही. तेवढे सांगा म्हणजे झाले."

हाच प्रश्न गेल्या दिवाळीत माझ्या आत्याने मला विचारला होता. "अगं, तू पुण्याला दिवसभर करतेस तरी काय?" मी म्हटले, "आत्या, मी जर-तर लिहिते." त्यावर ती हसून म्हणाली, "मग त्यात काय मोठेसे! ते तर आम्ही जन्मभर करत आलो." तिचे म्हणणे खोटे नाही. मात्र आत्याचे जर-तर ऐकावयास समोर माणूस असते, आणि माझे जर-तर यंत्र ऐकते. ह्या एका भेदातून जे जे उद्भवते, तेच आज आपणांपुढे ठेवावे असे योजिले आहे.

आपला जिल्हा कापसाचा, म्हणून उदाहरणही कापसाचेच घेते. शेतकरी बोंडे वेचून आणतो. तो कापूस जिनिंगमध्ये जातो, तेथे सरकी निराळी व रुई निराळी होते. रुई प्रेसमध्ये जाते, तिची गाठ बांधली जाते आणि मगच ती परगावी धाडण्याजोगी होते. संगणकाची आज्ञावलीही अशीच. आम्ही लिहितो तो मजकूर म्हणजे नुसता वेचलेला कापूस होय. तो यंत्राला थेट चालत नाही. त्याचे शेकडो तुकडे आधी यंत्रभाषेत उतरवावे लागतात, मग ते एकत्र जोडावे लागतात, त्यांत अक्षरांचे टंक, चित्रे, भाषांतरे घालावी लागतात, तेव्हा कोठे एक बांधीव गाठ तयार होते. ह्या साऱ्या क्रियेला 'बिल्ड' म्हणजे बांधणी म्हणतात. कोणते काम आधी, कोणते नंतर, काय घ्यावयाचे आणि काय वगळावयाचे, हे ज्या कागदात लिहिलेले असते त्याला बिल्ड-स्क्रिप्ट म्हणतात. ती म्हणजे जिनिंगच्या मुकादमाला दिलेली लेखी सूचना समजा.

ह्या विद्येचा एक आद्य ग्रंथ, म्हणजे खरे पाहता एक छोटासा प्रोग्राम, १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन ह्यांनी लिहिला. त्याचे नाव 'मेक'. त्याची जन्मकथा मोठी बोधप्रद आहे. स्टीव्ह जॉन्सन नावाचे त्यांचे एक सहकारी एके सकाळी नशिबाला दोष देत त्यांच्या खोलीत शिरले. प्रोग्राममधील चूक त्यांनी केव्हाच सुधारली होती, परंतु सुधारलेला तुकडा यंत्रभाषेत पुन्हा उतरवावयाचा राहून गेला होता. जुनाच तुकडा जोडला जात होता, आणि हे गृहस्थ निर्दोष मजकुरात सकाळभर दोष शोधत बसले होते! ह्यावर फेल्डमन ह्यांनी काढलेला तोडगा एका 'जर'मध्ये मावतो: मूळ मजकूर तयार वस्तूहून नवा असेल, तर ती वस्तू पुन्हा घडवावी, नसेल, तर तिला हात लावू नये. पीठ नवे दळले असेल तर भाकरी नवी थापावी, इतका हा सोपा नियम आहे. ह्या कामाबद्दल फेल्डमन ह्यांना असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी ह्या संस्थेने २००३ सालचा सन्मान दिला, आणि 'मेक' आजही जगभर राबत आहे.

पुढे गरजा वाढल्या. एकच प्रोग्राम निरनिराळ्या जातींच्या यंत्रांवर चालावा, एकाला मराठीत तर दुसऱ्याला इंग्रजीत मिळावा, परीक्षणाची प्रत वेगळी आणि गिऱ्हाइकाची वेगळी असावी, अशा मागण्या आल्या. तेव्हा 'मेक'च्या 'ग्नू' नावाच्या आवृत्तीत उघड अटी लिहिण्याची सोय झाली: अमुक शब्द तमुक शब्दाशी जुळत असेल तर हे घे, नाहीतर ते घे.

येथे नवशिके बहुधा एका गोष्टीवर अडखळतात. लग्नघरच्या स्वयंपाकाची कल्पना करा. मुख्य आचारी पहाटे यादी वाचतो आणि तिच्याप्रमाणे हाताखालच्यांना कामे वाटून देतो. यादीत लिहिले आहे, "पाचशेहून अधिक पाने बसली असतील तर दुसरी चूल पेटवावी." पहाटे मांडवात एकही पान बसलेले नाही. आचारी यादी वाचतो, अट खोटी ठरते, ती ओळ तो खोडून टाकतो. दुपारी सातशे पाने बसतात, पण दुसरी चूल कोणाच्याच कामात उरलेली नसते! 'मेक'मधील अटींचे असेच आहे. त्या यादी वाचतानाच, पहाटे, निकालात निघतात. प्रत्यक्ष कामे नंतर होतात. दुपारी जे घडावयाचे त्यावर पहाटेच्या अटीने भिस्त ठेवू नये. दुपारची अट आचाऱ्याच्या यादीत न लिहिता चुलीपाशी बसणाऱ्या माणसाच्या सूचनेत लिहावी. हे मला कोणी आधी सांगितले असते, तर माझे पहिले सहा महिने सुखात गेले असते. असो.

आता मी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणार आहे. ती सांगावी की न सांगावी ह्याचा मी बराच विचार केला. ज्ञातीच्या सभेत मनुष्य सहसा आपले यशच सांगतो, आणि आईवडिलांचीही तशीच अपेक्षा असते. परंतु ह्या विषयाचे मर्म मला ह्या चुकीतून कळले, म्हणून ती वगळून बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या कंपनीत होते. मराठवाड्यातील एका कापूस-खरेदी केंद्रावर वजनाची पावती छापणारा प्रोग्राम आम्ही करून दिला होता. पावतीवर एकूण वजन, ओलाव्यापोटी वजावट, निव्वळ वजन आणि रक्कम, असे चार रकाने मराठीत छापले जात. हा प्रोग्राम इतर प्रांतांतही जावयाचा, म्हणून बिल्ड-स्क्रिप्टमध्ये मी अट घातली होती. भाषेच्या जागी मराठीची खूण, म्हणजे 'एमआर' ही दोन रोमन अक्षरे असतील, तर मराठी मजकूर व मराठी टंक घ्यावेत. नाहीतर इंग्रजी घ्यावे. महिनाभर सर्व सुरळीत चालले.

पुढे आमच्याकडे एक नवा मुलगा आला. त्याला समजावे म्हणून मी त्या ओळीच्या शेवटी, खुणेपुढे तीन मोकळ्या जागा सोडून, एक टीप लिहिली की ही मराठीची खूण आहे. वाचणाऱ्याच्या सोयीसाठी लिहिलेली ती टीप! 'मेक' टीप वगळतो, पण टिपेच्या आधीच्या मोकळ्या जागा वगळत नाही. त्या तो मूल्याचाच भाग मानतो. म्हणजे खूण झाली 'एमआर आणि तीन मोकळ्या जागा'. माणसाच्या डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द होत. अट जुळली नाही. 'नाहीतर'ची वाट धरली गेली. बांधणी निर्वेधपणे पार पडली, पडद्यावर यशाची हिरवी खूण उमटली, आणि इंग्रजी पावत्यांचा प्रोग्राम त्या केंद्रावर रवाना झाला. मराठी प्रत आम्ही आधीच तपासली होती, तेव्हा ती पुन्हा उघडून पाहण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

हा प्रकार अकरा दिवसांनी उघडकीस आला. तोही आमच्या दक्षतेमुळे नव्हे. एक वृद्ध शेतकरी कापूस घालून पावती घेऊन घरी गेले. रात्री नातवाने पावती वाचली, तेव्हा ओलाव्यापोटी त्यांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ अधिक वजावट झाल्याचे त्यांना कळले. दुसऱ्या दिवशी ते केंद्रावर आले. त्यांचे म्हणणे एवढेच होते, "हे मला काल वाचता आले असते, तर मी तिथेच उभा राहून ओलावा पुन्हा मोजायला लावला असता." त्यांचा कापूस तोवर मोठ्या गंजीत मिसळून गेला होता. पहिले मोजमाप बरोबर होते की चूक, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हते, आणि आजही सांगता येत नाही. खालची सही मात्र त्यांचीच होती.

तेथील माणसाने दूरध्वनीवर हे मला सांगितले तेव्हा मी ती ओळ उघडून पाहिली. काहीच दिसेना. दिसणार तरी काय? दोष मोकळ्या जागेत होता.

त्या मोकळ्या जागा काढून टाकण्यास एक क्षण पुरला. कडेच्या मोकळ्या जागा छाटणारी 'स्ट्रिप' नावाची एक क्रियाही 'मेक'मध्ये आहे. ती तेथे घातली म्हणजे ती विशिष्ट चूक पुन्हा होत नाही. परंतु मला असे वाटू लागले की, माझा खरा अपराध त्या तीन जागांत नव्हता. तो 'नाहीतर'मध्ये होता. "मराठी नसेल तर इंग्रजी" असे लिहिताना मी उदारपणाने वागते आहे, अडचणीची तरतूद करते आहे, असे मला वाटले होते. वस्तुतः मी यंत्राला असे सांगितले होते की, तुला जे काही समजणार नाही, ते सारे तू इंग्रजी समज आणि मला कळवू नकोस.

आपल्या भाषेत 'नाहीतर' ह्या शब्दाला दोन सूर आहेत. "भाकरी असेल तर वाढ, नाहीतर भात चालेल," हा एक. "गप्प बैस, नाहीतर!" हा दुसरा. बिल्ड-स्क्रिप्टमध्ये आम्ही पहिला सूर सढळपणे वापरतो आणि दुसरा विसरतो. मी त्या केंद्राची स्क्रिप्ट पुन्हा लिहिली ती अशी: खूण मराठीची असेल तर मराठी घे; इंग्रजीची असेल तर इंग्रजी घे; दोहोंपैकी कोणतीच नसेल तर जागीच थांब, आणि कोणती खूण मिळाली ती अवतरणचिन्हांत छापून दाखव. थांबण्यासाठी 'एरर' नावाची आज्ञा 'मेक'मध्ये आहेच. अवतरणचिन्हे अशासाठी, की मोकळी जागा असल्यास ती डोळ्यांना दिसावी. अशी स्क्रिप्ट त्या दिवशी माझ्याजवळ असती, तर बांधणी माझ्याच टेबलावर मोडून पडली असती आणि मला अर्ध्या तासाचा मनस्ताप झाला असता. त्याहून अधिक काही झाले नसते.

(येथे एक विषयांतर करते, अध्यक्षमहाराजांनी क्षमा करावी. परवा आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा नमुना पुन्हा वाचला. त्यात "पालक जिल्ह्यात राहत असल्यास" आणि "पालक जिल्ह्याबाहेर नोकरीस असल्यास" असे दोन रकाने आहेत. ऊसतोडीसाठी वर्षातील काही महिने बाहेर असणाऱ्या घरच्या मुलीने कोणता रकाना भरावा? तिचा अर्ज कोणी नाकारणार नाही, पण तो कोणत्या गठ्ठ्यात जाईल हेही कोणी सांगू शकणार नाही.)

अटी लिहिताना दुसरा मोह होतो तो नावावर विसंबण्याचा. आपल्या जिल्ह्याइतके ह्याचे चांगले उदाहरण मला अन्यत्र सापडले नाही. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा निराळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ, सेनगाव ही गावे जागची तसूभरही हलली नाहीत. जमीन तीच, नदी तीच, माणसे तीच. परंतु "जिल्हा परभणी असेल तर" अशी अट ज्या ज्या कागदात होती, तेथे ही गावे त्या दिवसापासून अटीच्या बाहेर पडली. आपले कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले आणि २०१३ साली त्याच्या नावात वसंतराव नाईकांचे नाव जोडले गेले. तेथील जमिनीत, प्रयोगांत वा वाणांत त्या नावाने काही फरक पडला नाही. जुन्या नावाशी जुळवून पाहणारी अट मात्र निकामी झाली.

यंत्रांचेही असेच होते. अमुक कंपनीचे यंत्र असेल तर अमुक सोय आहे, असे धरून लिहिलेली अट त्या कंपनीने नवे यंत्र काढताच फसते. १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी ह्यांनी 'ऑटोकॉन्फ' नावाचे साधन लिहावयास घेतले, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. यंत्राला "तुझे नाव काय?" असे विचारू नये. "तुला हे करता येते काय?" असे विचारावे, आणि उत्तरावर विश्वास न ठेवता एक लहानसा नमुना त्याच्याकडून करवून पाहावा. सून निवडताना गोत्र विचारणारी आणि स्वयंपाक करवून पाहणारी, अशा दोन सासवांतला हा फरक होय. (हल्लीच्या मुली दोन्ही परीक्षांना बसत नाहीत, हे मी जाणून आहे.)

परंतु नमुना करवून पाहण्याची ही उत्तम रीतही कपटी हातांत पडली म्हणजे काय होते, हे जगाने २०२४ साली पाहिले. 'एक्सझेड' नावाची, फाईल दाबून लहान करणारी एक विनामूल्य आज्ञावली असंख्य संगणकांवर असते. तिच्या ५.६.० व ५.६.१ ह्या दोन आवृत्त्यांत कोणीतरी चोरवाट पेरली होती, आणि तिचे प्रवेशद्वार बिल्ड-स्क्रिप्टमध्ये होते. त्या स्क्रिप्टमधील छुपा भाग आधी पाहून घेई, यंत्र अमुक जातीचे आहे काय? वर लिनक्स आहे काय? आणि ही बांधणी डेबियन किंवा आरपीएम पद्धतीच्या वाटपासाठी चालली आहे काय? सर्व अटी जुळल्या तरच तो आपले काम करी. एरवी सज्जनासारखा गप्प राही. सहज चाळून पाहणाऱ्याच्या हाती काही लागू नये, अशीच ती योजना होती.

त्याच प्रकरणात एक धाकटी लबाडीही सापडली, आणि मला तीच अधिक भयंकर वाटते. आज्ञावलीला कुंपण घालणारी 'लँडलॉक' नावाची एक सुरक्षेची सोय लिनक्समध्ये आहे. ती यंत्रावर उपलब्ध आहे काय, हे पाहण्यासाठी स्क्रिप्ट एक लहानसा नमुना करून पाहत असे. त्या नमुन्यात कोणीतरी एक टिंब घालून ठेवले. एकच टिंब! टिंबामुळे नमुना कोणत्याही यंत्रावर बनेना. नमुना बनत नाही, म्हणजे सोय उपलब्ध नाही, असा अर्थ स्क्रिप्टने घेतला आणि कुंपण न घालताच ती निमूटपणे पुढे गेली. माझ्या तीन मोकळ्या जागा आणि हे एक टिंब ह्यांत हेतूचा भेद आहे, कृतीचा नाही. दोन्ही ठिकाणी 'नाहीतर' मुका होता.

हे सारे उघडकीस आले ते आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यामुळे. दूरच्या संगणकात प्रवेश करावयास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्यावरून त्यांना संशय आला. त्यांनी पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ रोजी सर्व प्रकार जाहीर केला. आमच्या पावत्यांच्या वेळी तो अर्धा सेकंद त्या वृद्ध शेतकऱ्याच्या रूपाने आला, असे मी समजते.

आता थोडे मराठीविषयी. मराठीत प्रोग्राम मिळत नाहीत अशी तक्रार आपण नेहमी करतो. लिबर-ऑफिस, फायरफॉक्स, जीनोम अशा कितीतरी विनामूल्य आज्ञावल्यांची मराठी भाषांतरे झालेली आहेत. पुष्कळ मंडळींनी रात्री जागून, वाक्यामागून वाक्य लावून ती केली. परंतु भांडारात भाषांतर असणे आणि बांधलेल्या गाठीत ते असणे ह्या दोन गोष्टी आहेत. लिबर-ऑफिस स्वतः बांधावयास घेतले आणि कोणतीही भाषा मागितली नाही, तर ते अमेरिकन इंग्रजीत बांधले जाते. मराठी हवी असल्यास तशी खूण मुद्दाम द्यावी लागते. जीनोमच्या पुष्कळ आज्ञावल्यांत भाषांची एक यादी स्वतंत्र फाईलमध्ये असते. भाषांतराची फाईल शेजारी पूर्ण होऊन पडलेली असली, तरी त्या यादीत मराठीची दोन अक्षरे नसतील तर ती उचलली जात नाही. भाषांतर करणारा बिचारा आपले शब्द पडद्यावर का उमटत नाहीत म्हणून हळहळतो. तेव्हा ज्या मुलांना मराठीची सेवा करावयाची आहे, त्यांनी शब्दकोशाबरोबर ही यादीही उघडून पाहावी. कित्येकदा उणीव एका ओळीचीच असते.

शेवटी एक हिशेब. एका अटीच्या दोन वाटा. दोन अटींच्या चार, तिनांच्या आठ. दहा स्वतंत्र अटी घातल्या की एकाच आज्ञावलीचे १,०२४ निरनिराळे अवतार संभवतात. त्यांतले चार-पाच आम्ही तपासतो. उरलेले हजाराहून अधिक अवतार कोणाच्याही डोळ्यांखालून गेलेले नसतात, आणि त्यांपैकी एखादा कोठल्यातरी खरेदी केंद्रावर चालत असतो. म्हणून आमच्या धंद्यातील जुनी माणसे नवी अट घालू देताना खळखळ करतात. आम्हाला प्रथम तो खाष्टपणा वाटतो. आता मीही करते.

माझी वेळ संपत आली असल्याची चिठ्ठी चिटणीसांनी पुढे सरकवली आहे. ती पावतीची जुनी स्क्रिप्ट मी जपून ठेवली आहे, त्या तीन मोकळ्या जागांसकट. उद्या सकाळी दहा वाजता मी आपल्या वसतिगृहात माझा संगणक घेऊन बसणार आहे. ज्या मुलामुलींना ती पाहावयाची असेल त्यांनी अवश्य यावे. चूक मी दाखविणार नाही, त्यांनीच शोधावयाची आहे.